डेटा पोचला, सर्व्हर तयार नव्हता

२०१८ सालच्या एप्रिलमध्ये ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेनं एका शनिवार-रविवारच्या सुट्टीत ५२ लाख ग्राहकांची खाती जुन्या यंत्रणेवरून नव्या यंत्रणेवर नेली. बँक २०१३ साली लॉइड्समधून वेगळी झाली होती आणि २०१५ साली स्पेनच्या सबादेल बँकेनं ती विकत घेतली होती. संगणक यंत्रणा मात्र तोवर लॉइड्सचीच, पैसे मोजून वापरलेली. रविवारी संध्याकाळी नवी सेवा सुरू झाली आणि लगेच कोलमडू लागली. लोकांना स्वतःच्या खात्यात शिरता येईना, काहींना दुसऱ्याच कुणाची खाती दिसू लागली. एका टप्प्यावर १९ लाखांपर्यंत ग्राहक बाहेर अडकले होते. सगळं पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. बँकेनं ग्राहकांना ३ कोटी २७ लाख पौंड भरपाई दिली, आणि २०२२ च्या डिसेंबरात दोन नियामक संस्थांनी मिळून तिला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला.

नियामकांनी दंड करताना एक गोष्ट स्पष्ट नोंदवली: डेटा व्यवस्थित पोचला होता. तो जिथे पोचला ती यंत्रणाच तयार नव्हती. बँकेनंच नेमलेल्या वकिली कंपनीचा चौकशी अहवाल २०१९ च्या नोव्हेंबरात आला, त्यात कारणांची उकल आहे. नवी यंत्रणा दोन डेटा सेंटरवर एकाच वेळी चालणार होती; भाराची चाचणी मात्र त्यांपैकी एकाच केंद्रावर झाली होती.

टीएसबी काही ॲमेझॉन किंवा मायक्रोसॉफ्टच्या सार्वजनिक क्लाउडवर जात नव्हती, तिची नवी यंत्रणा मूळ कंपनीच्याच गटानं उभारलेली होती. पण आज आपल्याकडे एखादी पतसंस्था, सूतगिरणी, महाविद्यालय किंवा मध्यम आकाराचा कारखाना क्लाउडवर जायला निघतो तेव्हा नेमकी हीच गफलत होते. बैठकांमध्ये सगळा वेळ डेटाला जातो: तो किती आहे, कसा न्यायचा, किती तास लागतील, वाटेत हरवला तर काय. ज्या सर्व्हरवर तो जाऊन बसणार आहे त्याची तयारी मात्र अर्ध्या दिवसाचं काम समजली जाते, कारण क्लाउडवर सर्व्हर उभा करायला दहा मिनिटं पुरतात. उभा सर्व्हर आणि तयार सर्व्हर यांत फार अंतर आहे. डेटाचा पहिला बाइट हलण्याआधी नव्या सर्व्हरची प्रत्येक जुळणी लिहून, पारखून पक्की झालेली असली पाहिजे. स्थलांतराच्या रात्रीचं यशापयश बहुतांशी तिथेच ठरलेलं असतं.

क्लाउडवर जाण्याचे प्रकार किती, यावर या व्यवसायात भरपूर लिहून झालंय. गार्टनर या सल्लागार कंपनीनं २०१० साली पाच मार्ग मांडले, पुढे ॲमेझॉननं ते सहा आणि मग सात केले. व्यवहारात त्यातले तीनच वारंवार भेटतात. जुना सर्व्हर जसाच्या तसा उचलून न्यायचा. तोच न्यायचा पण डेटाबेससारखा एखादा भाग क्लाउड कंपनीच्या तयार सेवेकडे सोपवायचा. किंवा सगळं मुळापासून नव्यानं बांधायचं. नेटफ्लिक्सनं तिसरा मार्ग धरला. ऑगस्ट २००८ मध्ये तिथला मुख्य डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस डीव्हीडी पाठवणं बंद पडलं. त्यानंतर त्यांनी जुनी घडण उचलून नेण्याऐवजी जवळजवळ सगळंच नव्यानं लिहिलं; ते काम जानेवारी २०१६ मध्ये संपलं. इतका वेळ, माणसं आणि पैसा फार थोड्यांकडे असतो. त्यामुळे ‘जसंच्या तसं’ नेणाऱ्यांकडे जे नाक मुरडून पाहिलं जातं ते मला पटत नाही. लहान संस्थेसाठी तो बहुधा शहाणपणाचाच रस्ता असतो. अडचण निराळी आहे. जसंच्या तसं न्यायचं तर आधी ‘जसं’ काय आहे ते माहीत हवं, आणि दहा वर्षं चाललेल्या सर्व्हरबद्दल ते कुणालाच पूर्ण माहीत नसतं.

म्हणून नव्या सर्व्हरची तयारी जुन्या सर्व्हरपाशी बसून सुरू होते. कुठले प्रोग्राम चालतात हे सगळे सांगतील. पण रात्री कुणाच्याही नकळत चालणारे क्रॉन जॉब किती? होस्ट्स फाइलमध्ये कुणी पाच वर्षांपूर्वी घातलेला एखादा पत्ता अजून कामाला येतोय का? कोडमध्ये थेट लिहिलेला आयपी पत्ता किती ठिकाणी आहे? एखाद्या सॉफ्टवेअरचा परवाना यंत्राच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाला किंवा मागे खोचलेल्या डाँगलला बांधलाय का? क्लाउडवरच्या सर्व्हरला डाँगल खोचता येत नाही, हे पुष्कळदा अगदी शेवटच्या आठवड्यात लक्षात येतं. कुठला सर्व्हर कुणाशी बोलतो हे कागदावरच्या आराखड्यावरून कधीच ठरवू नये. प्रत्यक्ष उघडी असलेली नेटवर्क जोडणी महिनाभर नोंदवावी. महिनाभर एवढ्यासाठी, की पगारपत्रकाचा प्रोग्राम महिन्यातून एकदाच जागा होतो.

आकाराच्या निवडीतही कालावधीचाच मुद्दा येतो. सरासरी वापर बघून सर्व्हर घेतला की सरासरी दिवशी तो उत्तम चालतो. पतसंस्थेचा खरा दिवस मार्चअखेरचा, साखर कारखान्याचा गाळप हंगामात ऊसबिलं निघण्याचा, विद्यापीठाचा निकालाचा. त्या दिवसाचे आकडे हाती नसतील तर ते मिळेपर्यंत थांबावं. दुसरी गोष्ट एककाची. क्लाउडवरचा एक व्हीसीपीयू हा बहुतेक इंटेल सर्व्हरवर एक थ्रेड असतो, अख्खा कोर नव्हे. कार्यालयातल्या ८ कोरच्या जागी ८ व्हीसीपीयू घेतले तर निम्मेच कोर मिळतात. ग्रॅव्हिटॉनसारख्या आर्म प्रोसेसरवर मात्र एक व्हीसीपीयू म्हणजे एक कोर. तिसरी गोष्ट स्वस्त सर्व्हरांची. ॲमेझॉनच्या टी मालिकेतले सर्व्हर शांत वेळी क्रेडिट साठवतात आणि घाईच्या वेळी खर्च करतात. टी-२ मधला सर्व्हर क्रेडिट संपलं की मंदावतो. टी-३ मूळ सेटिंगवर मंदावत नाही, जादा वापराचं बिल लावतो. दोन्हींपैकी काय परवडतं हे आधी ठरवायचं असतं, बिल आल्यावर नव्हे.

डिस्कचं प्रकरण याहून फसवं आहे आणि त्यावर जरा थांबायला हवं. ॲमेझॉनच्या जीपी-२ या जुन्या प्रकारच्या डिस्कला दर जीबीमागे सेकंदाला ३ वाचन-लेखनं मिळतात. १०० जीबीची डिस्क घेतली तर हक्काची ३००. पण तिला उसळीची सोय आहे: साठवलेल्या क्रेडिटवर ती सेकंदाला ३,००० पर्यंत जाते, आणि नवी डिस्क पूर्ण भरलेल्या क्रेडिटनं सुरू होते. हे क्रेडिट पूर्ण वेगानं वापरलं तर अर्ध्या तासाच्या थोडं वर पुरतं. आता चाचणी कशी होते पाहा. सगळे जमतात, २० मिनिटं भार टाकतात, आकडे झकास येतात, टाळ्या पडतात. प्रत्यक्ष कामाच्या दिवशी साडेदहाला काउंटर उघडतात आणि अकराच्या पुढे डेटाबेस सुस्त होतो. ३,००० वरून ३०० वर आलेली डिस्क कुठेही लाल दिवा लावत नाही, कारण तिच्या दृष्टीनं काहीच बिघडलेलं नसतं. डिसेंबर २०२० पासून मिळणाऱ्या जीपी-३ डिस्कला आकार कितीही असला तरी ३,००० हक्कानं मिळतात. तरी जुन्या स्क्रिप्टमधून जीपी-२ डिस्क अजूनही तयार होत राहतात. भाराची चाचणी काही तास चालली पाहिजे, हा आग्रह एवढ्यासाठीच.

त्याच डिस्कची दुसरी खोड. स्नॅपशॉटवरून बनवलेली डिस्क लगेच ‘तयार’ दिसते, पण तिच्यातला प्रत्येक भाग पहिल्यांदा वाचला जाईल तेव्हाच मागच्या साठ्यातून ओढून आणला जातो. म्हणजे पहिल्या दिवशी प्रत्येक ग्राहकाचं खातं पहिल्यांदा उघडताना उशीर. उपाय साधा आहे: सेवा सुरू करण्याआधी अख्खी डिस्क एकदा वाचून काढायची. त्याला काही तास लागतात, आणि ते वेळापत्रकात धरलेले नसतात.

सर्व्हर चालूच झाला नाही तर? जुना लिनक्स सर्व्हर उचलून ॲमेझॉनच्या नव्या, नायट्रो घडणीच्या यंत्रावर ठेवला की डिस्कची नावं बदलतात आणि नेटवर्कला वेगळा ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर आधी जुन्याच जागी घालून घेतले नाहीत तर नव्या जागी यंत्र मुकं. डिस्क कुठे जोडायच्या याची यादी जुन्या नावांनी असेल, तर लिनक्स सुरू होताना त्या शोधत अडतो आणि आणीबाणीच्या प्रॉम्प्टवर थांबतो. कार्यालयात असता तर मॉनिटर लावून पाच मिनिटांत दुरुस्त केला असता. त्यामुळे यादीत नावांऐवजी डिस्कचे कायमचे ओळख-क्रमांक लिहावेत, दुय्यम डिस्क न सापडल्यास थांबू नये असा पर्याय द्यावा, आणि सीरियल कन्सोलची सोय आधीच चालू करून ठेवावी.

ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती याच वेळी बदलायची का, हा वादाचा विषय. सेंटओएस-७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, विंडोज सर्व्हर २०१२ चा १० ऑक्टोबर २०२३ ला. अशी सिस्टीम घेऊन नव्या घरी जाणं धोक्याचं. आणि जागा व आवृत्ती एकाच रात्री बदलली तर काही बिघडल्यावर दोष कुणाचा हे कळत नाही. माझं मत असं, की वेळ असेल तर आधी जुन्या जागीच आवृत्ती बदलावी, महिनाभर चालवावी, मग हलावं. तेवढा वेळ नसेल तर पोस्टग्रेस वापरणाऱ्यांनी पुढची गोष्ट नीट वाचावी.

लिनक्समधल्या जीलिबसी या मूळ लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये आली आणि तिनं अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. पोस्टग्रेस डेटाबेस मजकुराचे इंडेक्स याच नियमांनी रचतो. सेंटओएस किंवा रेड हॅट ७ वर २.१७ आहे, रेड हॅट ८ वर २.२८. डेटाबेसच्या फाइली तशाच उचलून नव्या सिस्टीमवर ठेवल्या, किंवा प्रतिकृती लावून नेल्या, तर इंडेक्स जुन्या क्रमानं रचलेला आणि शोधणारा नव्या क्रमानं शोधणारा. नोंद टेबलात असते, पण शोधल्यावर सापडत नाही. त्याहून वाईट म्हणजे एकमेव असायला हवा तो क्रमांक दुसऱ्यांदा घातला जातो, कारण पहिला दिसतच नाही. एररचा एक शब्दही येत नाही. सगळे इंडेक्स नव्यानं बांधणं किंवा डेटा मजकुराच्या रूपात काढून पुन्हा भरणं, हे खात्रीचे मार्ग. मोठ्या डेटाबेसला यात तासन् तास जातात, म्हणून ते आधी मोजलेले हवेत.

मराठीत काम करणाऱ्या संस्थांना अक्षरांचा प्रश्न आणखी खोलवर भिडतो, आणि या विषयावरच्या इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये त्याचा मागमूस नसतो. मायएसक्यूएल डेटाबेसची मूळ अक्षरसंहिता आठव्या आवृत्तीपर्यंत लॅटिन-१ होती. २०१८ साली आलेल्या ८.० मध्ये ती यूटीएफ-८ एमबी-४ झाली. त्याआधीच्या काळात बांधलेल्या कितीतरी मराठी प्रणाल्यांमध्ये प्रोग्राम यूटीएफ-८ मधले बाइट पाठवायचा, डेटाबेस ते लॅटिन अक्षरं समजून ठेवायचा आणि मागितल्यावर तसेच परत द्यायचा. दोन्हीकडची चूक सारखीच असल्यानं पडद्यावर मराठी अगदी स्वच्छ दिसायची. ‘सावंत’ हे आडनाव घ्या. युनिकोडमध्ये ते पाच चिन्हांचं, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट, म्हणून १५ बाइट. जुन्या डेटाबेसच्या लेखी ही १५ युरोपीय अक्षरं. नवा सर्व्हर उभा राहतो, त्याची जोडणी यूटीएफ-८ एमबी-४ ची असते, तो इमानानं त्या १५ अक्षरांचं रूपांतर करून देतो आणि सभासदांच्या यादीत सावंतांच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेल्या परकीय अक्षरांची रांग उमटते. हे घाईनं ‘दुरुस्त’ करायला गेलं की निम्म्या नोंदी सुधारतात आणि निम्म्या दुहेरी बिघडतात. नव्या सर्व्हरवर संहिता ठरवण्याआधी जुन्या टेबलातले प्रत्यक्ष बाइट उघडून बघणं हाच उपाय. दहा नावं पुरतात, पण ती वेगवेगळ्या वर्षांतली हवीत.

मग क्रमाचा आणि शोधाचा भाग. ‘कऱ्हाड’ मधला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. शोधताना ते एकच धरायचे की वेगळे, हे नव्या सर्व्हरवर निवडलेल्या कोलेशनवर, म्हणजे अक्षरांची तुलना करण्याच्या नियमांवर, ठरतं. डेटा ‘स्वच्छ’ करणाऱ्या स्क्रिप्ट न दिसणारी चिन्हं काढून टाकतात. मग दऱ्यांचा दर्या होतो. कोलेशन निवडताना चाचणीच्या यादीत कऱ्हाड, गोऱ्हे, कुऱ्हाड हे शब्द असलेच पाहिजेत.

फाँट तर कुणाच्या यादीतच नसतात. क्लाउडवरच्या सर्व्हरची प्रतिमा मुद्दाम सडपातळ ठेवलेली असते, तिच्यात देवनागरी फाँट नसतो. पडद्यावर मराठी दिसते, कारण तिथला फाँट वापरणाऱ्याच्या संगणकातला. पण खातेउतारा, दाखला किंवा पावतीची पीडीएफ सर्व्हर स्वतः बनवतो, आणि तिथे अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात. लोहित किंवा नोटो देवनागरी फाँट घातला की चौकोन जातात, तरी काम संपत नाही. अक्षरं जुळवणारी लायब्ररी नसेल तर पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे पडते आणि जोडाक्षरं सुटी होतात. त्यातही सीडॅकच्या आयएसएममध्ये किंवा श्रीलिपीमध्ये टंकलेला, युनिकोडपूर्व जुना मजकूर असला तर तो त्या विशिष्ट फाँटशिवाय वाचताच येत नाही. त्याचं युनिकोड रूपांतर हे स्वतंत्र काम आहे. ते स्थलांतराच्या रात्रीत घुसवू नये.

वेळेच्या सेटिंगनं झालेलं नुकसान उशिरा कळतं, म्हणून ते मला सगळ्यात जिव्हारी लागणारं वाटतं. क्लाउडवरचा सर्व्हर मूळ सेटिंगवर यूटीसी दाखवतो. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. कार्यालयातल्या सर्व्हरवर रात्री साडेअकराला लावलेलं डे-एंडचं काम तोच आकडा घेऊन नव्या सर्व्हरवर गेलं तर पहाटे पाचला सुरू होतं. शाखा उघडेपर्यंत ते संपलं तर कुणाला पत्ता लागत नाही. नाही संपलं तर सकाळी काउंटर अडतात. तारखांचा घोळ त्याहून गंभीर. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत होणारी प्रत्येक नोंद यूटीसीच्या हिशेबात आदल्या दिवशीची. १ एप्रिलच्या पहाटे मोबाइलवरून भरलेला हप्ता ३१ मार्चला, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात पडतो. व्याज बदलतं, थकबाकीचं वर्गीकरण बदलतं, लेखापरीक्षक प्रश्न विचारतो.

मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टँप प्रकारचा रकाना आतून यूटीसीत साठवला जातो आणि जोडणीच्या टाइमझोननुसार बदलून दिसतो. डेटटाइम प्रकारचा रकाना जे लिहिलं ते तसंच ठेवतो. एकाच टेबलात दोन्ही असले की स्थलांतरानंतर एक रकाना बरोबर आणि दुसरा साडेपाच तास मागे, तोही फक्त नव्या नोंदींसाठी, असं होऊ शकतं. ॲमेझॉनच्या आरडीएस सेवेत मायएसक्यूएलचा टाइमझोन बदलता येतो. मायक्रोसॉफ्टच्या अझूर एसक्यूएल डेटाबेसमध्ये तो यूटीसीच असतो, बदलताच येत नाही; तिथे प्रोग्राम बदलावा लागतो. ही माहिती सेवा निवडण्याच्या आधी हवी. घड्याळ कुणाशी जुळवायचं यालाही आता कायद्याचं बंधन आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या, किंवा त्यांच्यापर्यंत माग लागेल अशा, वेळ-सर्व्हरशी जुळलेली हवीत, १८० दिवसांच्या नोंदी जपायला हव्यात आणि घुसखोरीसारखी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायला हवी. नोंदी कुठे साठणार, किती दिवस राहणार, हे पहिल्या दिवशीच ठरवावं. जी नोंद झालीच नाही ती नंतर मिळवता येत नाही.

नेटवर्कचं थोडक्यात सांगतो. कार्यालयात १९२.१६८.१ ची पत्त्यांची मालिका असेल आणि क्लाउडवरही तीच निवडली तर दोघांना जोडणारी व्हीपीएन चालत नाही. ॲमेझॉनवर मुख्य मालिका एकदा ठरली की बदलता येत नाही. सर्व्हरचं ठिकाण मुंबई निवडलंय ना, हे पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात पाहावं. ॲमेझॉनची मुंबईतली केंद्रं २०१६ पासून आहेत, मायक्रोसॉफ्टचं पुण्यातलं केंद्र २०१५ पासून, गूगलचं मुंबईतलं २०१७ पासून. तरीही मूळ निवड म्हणून समोर आलेल्या व्हर्जिनियात सर्व्हर उभे राहतात, आणि प्रत्येक फेरीला सुमारे २०० मिलिसेकंद मोजावे लागतात. अंतराची किंमत एका हिशेबात कळते. एक पडदा उघडायला प्रोग्राम डेटाबेसला ३०० प्रश्न विचारत असेल तर एकाच खोलीत, दर प्रश्नाला ०.२ मिलिसेकंद धरून, ६० मिलिसेकंद जातात. प्रोग्राम क्लाउडवर आणि डेटाबेस अजून कार्यालयात, मध्ये २० मिलिसेकंद, तर तोच पडदा सहा सेकंदांनी उघडतो. अर्धं-अर्धं हलवण्याची योजना इथेच फसते. आणखी एक बारीक गोष्ट: तिन्ही मोठ्या क्लाउड कंपन्या मूळ सेटिंगवर २५ क्रमांकाच्या पोर्टवरून बाहेर जाणारी मेल सहसा अडवतात. जुना सर्व्हर त्याच पोर्टवरून सभासदांना पत्रं पाठवत असेल तर ती मुकाट्यानं थांबतात. ५८७ पोर्ट आणि ओळख देऊन पाठवणारी मेलसेवा आधी लावून घ्यावी.

सुरक्षेत सगळ्यांना माहीत असलेली चूक म्हणजे कामापुरता जगाला उघडा ठेवलेला रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट, जो पुढे तसाच राहतो. कमी ठाऊक असलेली चूक अधिकारांची. २०१९ साली अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेचा सुमारे १० कोटी ६० लाख लोकांचा डेटा चोरीला गेला. तिथल्या फायरवॉलच्या जुळणीतली त्रुटी धरून सर्व्हरकडून त्याचीच तात्पुरती ओळखपत्रं काढून घेतली गेली, आणि त्या ओळखपत्रांना गरजेपेक्षा खूप जास्त फाइली वाचायची मुभा होती. बँकेला ८ कोटी डॉलर दंड झाला. २०१९ च्याच नोव्हेंबरात ॲमेझॉननं ही ओळखपत्रं देणाऱ्या सेवेची अधिक सुरक्षित दुसरी आवृत्ती आणली. नव्या सर्व्हरवर तीच सक्तीची करावी, आणि सर्व्हरला एका ठरावीक साठ्यापलीकडे काहीच वाचता येऊ नये. वित्तसंस्थांसाठी रिझर्व्ह बँकेचं एप्रिल २०१८ चं परिपत्रक पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायला सांगतं. म्हणजे दूरच्या बॅकअपसाठी सहज म्हणून सिंगापूर निवडता येत नाही. ॲमेझॉनचं हैदराबाद आणि गूगलचं दिल्ली केंद्र झाल्यापासून देशातल्या देशात दुसरी जागा मिळते.

हे सगळं कुठे लिहून ठेवायचं? इथे माझा आग्रह ठाम आहे. नव्या सर्व्हरची जुळणी पोर्टलवर बटणं दाबून करू नये. ती टेराफॉर्म आणि ॲन्सिबलसारख्या साधनांत मजकूर म्हणून लिहावी. दोन्ही साधनं दहा वर्षांहून जुनी, फुकट मिळणारी, आणि शिकायला एक-दोन महिने घेणारी आहेत. एकच सर्व्हर आहे, कशाला एवढा खटाटोप, असं म्हटलं जातं. पण चाचणीचा सर्व्हर आणि खरा सर्व्हर असे निदान दोन असतातच, आणि हातानं लावलेले दोन सर्व्हर कधी सारखे नसतात. मजकुरातून उभा राहिलेला सर्व्हर पाडून पुन्हा उभा करता येतो. हीच मला तयारीची खरी परीक्षा वाटते: स्थलांतराआधी तो सर्व्हर मुद्दाम एकदा पाडावा आणि ज्या माणसानं तो बांधला नाही त्याला फक्त त्या मजकुरावरून पुन्हा उभा करायला सांगावं. जिथे तो अडेल तिथे काहीतरी कुणाच्या तरी डोक्यातच राहिलेलं आहे.

बॅकअपचीही तीच गत. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले तर तो नव्हताच. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा होता आणि बॅकअपचं साधन ९.२ चं चालत होतं. ते दर वेळी नापास व्हायचं आणि त्याची सूचना देणाऱ्या ईमेल समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता. कुणीतरी योगायोगानं सहा तास आधी घेतलेल्या एका स्नॅपशॉटवरून सेवा उभी राहिली, मधल्या सहा तासांतला डेटा गेला. सगळं त्यांनी उघडपणे जगासमोर मांडलं, याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. नव्या सर्व्हरवर बॅकअप ‘लावला’ एवढं पुरत नाही. तो एका कोऱ्या सर्व्हरवर परत भरून, शिल्लक रकमांची बेरीज जुळवून पाहिल्यावरच तो बॅकअप.

यानंतर रंगीत तालीम, निदान दोनदा, खऱ्या डेटाच्या प्रतीवर, घड्याळ लावून. पहिलीत चुका सापडतात, दुसरीत वेळ कळतो. या प्रतीतले ग्राहकांचे फोन क्रमांक आणि ईमेल बदलायला विसरू नये, नाहीतर तालमीतला सर्व्हर खऱ्या लोकांना थकबाकीच्या नोटिसा पाठवतो. प्रत्यक्ष हलण्याच्या दोन-तीन दिवस आधी डीएनएसची मुदत २४ तासांवरून ५ मिनिटांवर आणावी. कोणत्या अडचणीवर आणि किती वाजेपर्यंत माघार घ्यायची हे आधी लिहून, पदाधिकाऱ्यांच्या सहीनं ठरवावं. मध्यरात्री दोन वाजता दमलेली माणसं माघारीचा निर्णय घेत नाहीत, ‘अजून अर्धा तास बघू’ म्हणतात. जुना सर्व्हर नव्या नोंदी न घेता फक्त वाचण्यापुरता चालू ठेवावा; निदान एक महिनाअखेर आणि एक तिमाहीअखेर नव्या सर्व्हरवर निर्विघ्न पार पडेपर्यंत. पुढचा मार्च जवळ असेल तर तोही जाऊ द्यावा. मग जुन्या सर्व्हरवरचे पासवर्ड आणि चाव्या रद्द कराव्यात, वीज काढावी, आणि त्यातल्या डिस्क भंगारात जाण्याआधी पुसल्याचा लेखी दाखला घ्यावा.